दोन अपलिंक, चालते एकच: बॅकअप न गमावता लोड कसा वाटायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महाविद्यालयाच्या अकरा इमारतींत प्रत्येकी एक अॅक्सेस स्विच आहे, म्हणजे इमारतीतले संगणक ज्याला जोडतात तो. प्रत्येकातून १ गिगाबिटच्या दोन फायबर लिंक (अपलिंक) निघतात, एक सर्व्हर रूममधल्या मुख्य स्विच ‘अ’ला आणि दुसरी मुख्य स्विच ‘ब’ला. हे दोन्ही मुख्य स्विच स्वतंत्र आहेत, त्यांचा स्टॅक होत नाही, म्हणजे दोघांचा मिळून एक स्विच बनवता येत नाही. स्पॅनिंग ट्रीनं, म्हणजे नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणाऱ्या यंत्रणेनं, सगळ्या इमारतींची ‘ब’कडची लिंक अडवून ठेवली आहे आणि व्यवस्थापन विचारतंय की पैसे दोन फायबरचे दिले, मग चालते एकच का? तुम्हाला दोन्ही लिंकवर काम हवंय, एक तुटली तर दुसरीनं लगेच सगळं उचलायला हवं, आणि पुरवठादारानं सुचवलेली फ्लेक्स लिंक (दोन पोर्टची चालू-राखीव जोडी) घ्यावी की नाही हे ठरवायचंय.

हे सगळं हातात असलेल्या सामानावर होतं, नवीन काही घ्यावं लागणार नाही. तुमच्या रचनेत मी व्हीलॅननिहाय (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विच आणि तारांवर चालणारं वेगळं नेटवर्क) रॅपिड, म्हणजे वेगवान, स्पॅनिंग ट्री लावेन. फ्लेक्स लिंक फक्त एखाद-दुसऱ्या ठिकाणी. पण कमांडकडे जाण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण या कामात सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात. दोन्ही लिंकवर काम टाकलं की तुमच्याकडे २ गिगाबिट आले असं समजू नका. तुमच्याकडे १ गिगाबिटच आहे, फक्त तो दोन वाटांनी जातोय. दोन्ही लिंक सत्तर-सत्तर टक्के भरल्या आणि त्यातली एक तुटली, तर उरलेलीवर १४०० मेगाबिट जाऊ पाहतील आणि सगळ्या इमारतीचं काम अडेल. त्या दिवशी तुमच्याकडे बॅकअप नव्हताच. म्हणून माझा नियम असा: गर्दीच्या वेळी दोन्ही लिंकची बेरीज एका लिंकच्या सत्तर टक्क्यांच्या आत. त्यापुढे गेली, की वाटणी बदलून उपयोग नाही, लिंक वाढवावी लागते.

ही बेरीज मोजताना मोजमापच चुकीचं नाही ना, ते आधी बघा. अनेक ठिकाणी आलेख काढणारं सॉफ्टवेअर स्विचचे जुने ३२ बिटांचे काउंटर वाचत असतं. १ गिगाबिटच्या लिंकवर असा काउंटर पूर्ण वेगात जवळपास ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही दर पाच मिनिटांनी वाचत असाल तर मध्ये तो कितीदा फिरला हे कळत नाही आणि भरलेली लिंक आलेखावर रिकामी दिसते. ६४ बिटांचे काउंटर लावा, त्यासाठी एसएनएमपी, म्हणजे स्विचकडून आकडे वाचण्याची पद्धत, किमान दुसऱ्या आवृत्तीत असायला हवं. मग एक पूर्ण आठवडा मोजा, त्यात परीक्षेचा किंवा प्रवेशाचा एखादा दिवस आला तर उत्तमच.

आता व्यवस्थापनाच्या प्रश्नाचं उत्तर. दुसरी लिंक अडवलेली असते, कारण ती न अडवता उघडी ठेवली तर नेटवर्क काही सेकंदांत पडतं. आयपी पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे स्विचमधून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यावर, असं काहीच नसतं. वर्तुळ तयार झालं की ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली, एक फ्रेम त्यात कायमची फिरते, प्रत्येक स्विच तिच्या प्रती काढून सगळ्या पोर्टवर पाठवतो आणि त्या प्रतीही फिरायला लागतात. स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकताना ज्यानं एकदा पाहिलेत, तो ते विसरत नाही. हे वर्तुळ आपोआप तोडण्यासाठी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री तयार केली आणि १९९० मध्ये ती ८०२.१डी या नावानं मानक झाली. जाळं कसंही जोडा, ती त्यातून एकच झाड उरवते आणि बाकीच्या फांद्या राखीव ठेवते.

ती गृहीत धरण्याची गोष्ट नाही हेही सांगतो. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडत राहिलं आणि डॉक्टर-परिचारिकांना कागदावर काम करावं लागलं. मुळाशी स्पॅनिंग ट्रीच होती. मानकाचे ठरावीक टायमर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विच धरून आखलेले आहेत, आणि तिथलं जाळं एकाला एक जोडत जोडत त्यापलीकडे गेलं होतं. तुमच्याकडे मुख्य स्विच आणि इमारतीचा स्विच अशा दोनच पायऱ्या आहेत. ही चांगली रचना आहे, ती तशीच जपा. प्रयोगशाळेत कुणी एका स्विचमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा काढत असेल तर आत्ताच थांबवा.

जुन्या स्पॅनिंग ट्रीत लिंक तुटल्यावर राखीव लिंक चालू व्हायला ३० ते ५० सेकंद जातात. तुमचे स्विच अजून त्या मोडवर असतील तर बाकी काही करण्याआधी रॅपिडवर आणा. रॅपिड २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू म्हणून आली. तिच्यात अॅक्सेस स्विचला आपली पर्यायी वाट आधीपासून माहीत असते, त्यामुळे मुख्य वाट गेली की ती तिथल्या तिथे उघडते, टायमरची वाट पाहत नाही. पिंग लावून ठेवलं तर एखादं पॅकेट जाईल, बहुधा तेही नाही. यासाठी दोन अटी आहेत. अपलिंक फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या) हव्यात, आणि संगणक, प्रिंटर, कॅमेरे लावलेले पोर्ट एज म्हणजे पोर्टफास्ट (जोडल्याबरोबर चालू होणारे) असायला हवेत. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्डही लावा, जो स्पॅनिंग ट्रीचा निरोप (बीपीडीयू) दिसताच पोर्ट बंद करतो, म्हणजे वसतिगृहात कुणी घरून आणलेला स्विच दोन्ही टोकांनी भिंतीत खोचला तर तेवढाच पोर्ट बंद पडेल.

आता वाटणी. सिस्कोच्या आणि तिच्याशी जुळणाऱ्या स्विचवर प्रत्येक व्हीलॅनचं झाड वेगळं असतं. म्हणजे काही व्हीलॅनचं मूळ (रूट, जिथून झाड सुरू होतं तो स्विच) ‘अ’ ठेवायचं, काहींचं ‘ब’. मग प्रत्येक इमारतीच्या दोन्ही लिंकवर काही व्हीलॅन चालू आणि काही राखीव राहतात. मुख्य स्विच ‘अ’वर:

स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०,३१,४० प्रायॉरिटी ४०९६
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २०,३२ प्रायॉरिटी ८१९२

‘ब’वर हेच आकडे उलटे; ज्याचा आकडा कमी तो मूळ. पुस्तकांत ‘रूट प्रायमरी’ अशी सोपी कमांड दिलेली असते, मी ती वापरत नाही. ती टाकली त्या क्षणी जाळ्यात काय आहे ते बघून एक आकडा ठरवते आणि तिथेच थांबते. पुढे कुणी कमी आकड्याचा स्विच लावला तर ती काही करत नाही. आकडा स्वतः लिहिलेला बरा. तो ४०९६ च्या पटीतच घ्यावा लागतो, आणि तपासताना त्यात व्हीलॅनचा क्रमांक मिळवलेला दिसतो. व्हीलॅन १० ला ४१०६ दिसलं तर गोंधळू नका.

कुठला व्हीलॅन कुठे टाकायचा? सम इकडे, विषम तिकडे ही रीत सगळीकडे दिसते आणि ती बहुतेक वेळा निरुपयोगी असते. वजन व्हीलॅनच्या संख्येला नसतं, त्यातल्या रहदारीला असतं. तुमचे व्हीलॅन तुम्ही लिहिलेत: १० कार्यालय, २० प्रयोगशाळा, ३० वसतिगृहाचं वाय-फाय, ४० कॅमेरे. वसतिगृहाच्या इमारतीत कार्यालयही नाही आणि प्रयोगशाळाही नाही. तिथे ३० हाच सगळा भार. तो कुठल्याही एका लिंकवर टाकला तरी दुसरी रिकामीच राहणार. म्हणून वर मी ३१ आणि ३२ लिहिलंय. वसतिगृहाचे मजले दोन व्हीलॅनमध्ये विभागा, एकाचं मूळ ‘अ’, दुसऱ्याचं ‘ब’. वाय-फाय कंट्रोलरमधून जात असेल तर मात्र आधी बघा की रहदारी बोगद्यातून कंट्रोलरपर्यंत जाते का. तसं असेल तर स्विचला वाय-फायचा व्हीलॅन दिसतच नाही, फक्त अॅक्सेस पॉइंटचा दिसतो, आणि मग मजल्यांनुसार तोच विभागावा लागेल.

कॅमेरे ३१ बरोबर एकाच बाजूला ठेवण्यामागेही कारण आहे. लिंक फुल डुप्लेक्स असते, जाताना १ गिगाबिट आणि येताना वेगळं १ गिगाबिट. कॅमेऱ्यांची रहदारी जवळपास सगळी इमारतीकडून सर्व्हर रूमकडे जाते. सोळा कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटचे धरले तर ६४ मेगाबिट, दिवसरात्र सारखी. वसतिगृहाची उलट्या दिशेने येते. ही दोन ओझी एकाच लिंकवर एकमेकांच्या आड येत नाहीत. म्हणून बेरीज करताना दोन्ही दिशांची वेगवेगळी करा, म्हणजे लिंकमध्ये किती जागा शिल्लक आहे ते खरं कळेल.

यानंतरचा भाग बहुतेक जण विसरतात: गेटवे, म्हणजे व्हीलॅनमधून बाहेर जाण्याचं दार. ज्या व्हीलॅनचं मूळ ‘अ’ आहे, त्याचा एचएसआरपी किंवा व्हीआरआरपी (एकच गेटवे दोन स्विचवर चालू-राखीव ठेवण्याच्या पद्धती) गेटवेही ‘अ’वरच सक्रिय हवा. नाहीतर प्रयोगशाळेचा संगणक लिंकने ‘ब’ला जातो, तिथून मधल्या जोडणीनं ‘अ’ला, मग बाहेर. लोड वाटला गेला असं आलेखावर दिसतं, प्रत्यक्षात सगळं ‘अ’ आणि ‘ब’च्या मधल्या जोडणीवर येऊन साचतं. ती जोडणी दोन लिंकची, एलएसीपीनं (अनेक लिंक एकत्र बांधण्याची पद्धत) बांधलेली ठेवा. एचएसआरपीचे मूळ टायमर ३ सेकंद (हाक देण्याचा) आणि १० सेकंद (समोरचा गेला असं धरण्याचा) आहेत हेही लक्षात असू द्या. लिंक तुटली तर रॅपिड एका सेकंदात सावरेल, पण ‘अ’ पूर्ण बंद पडला तर गेटवे दहा सेकंदांनी उठेल, आणि लोक म्हणतील बॅकअप चाललाच नाही. टायमर १ आणि ३ वर आणा. एचएसआरपीत प्रीएम्प्ट, म्हणजे परत आलेल्या स्विचनं गेटवे पुन्हा घेणं, मुळात बंद असतं. ते चालू कराल तेव्हा १८० सेकंदांचा उशीर जोडा, नाहीतर ‘अ’ रीस्टार्ट होऊन पुढच्या वाटा शिकायच्या आतच गेटवे हिसकावून घेईल आणि सगळी रहदारी हरवेल.

इथे एक जुनी खोड सांगायलाच हवी, कारण तुमच्या रचनेत ती नक्की येईल. इंटरनेटकडून येणारी रहदारी ‘अ’ आणि ‘ब’ दोघांकडे समान वाटली जात असेल, तर व्हीलॅन १० चं अर्धं डाउनलोड ‘ब’वर उतरतं. ‘ब’ला संगणकाचा आयपी आणि मॅक (हार्डवेअरचा) पत्ता माहीत असतो, कारण एआरपीची (कुठल्या आयपीचा मॅक कोणता, ही) नोंद सिस्कोत मुळात चार तास टिकते. पण तो मॅक कुठल्या पोर्टवर आहे ही नोंद ३०० सेकंदांत पुसली जाते, आणि त्या संगणकाच्या फ्रेम एरवी ‘अ’कडेच जात असल्यानं ‘ब’ला ती पुन्हा शिकायला मिळत नाही. मग ‘ब’ ते पॅकेट त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर टाकतो. अकरा इमारतींच्या ‘ब’कडच्या लिंकवर एकाच संगणकाचं डाउनलोड वाहायला लागतं, पलीकडचा स्विच ते मुकाट्यानं टाकून देतो, पण लिंक भरलेली राहते. एका मोठ्या संस्थेत मी यावर तीन दिवस घालवले. वाय-फायवाले अॅक्सेस पॉइंट बदलत होते, मी फायबर तपासत होतो. शेवटी सगळ्या लिंकचे आलेख एकाखाली एक ठेवले, तेव्हा सगळ्यांचा आकार हुबेहूब एक निघाला. वेगवेगळ्या इमारतींतली माणसं सेकंदासेकंदाला सारखी रहदारी करत नाहीत. उपाय एका ओळीचा होता: दोन्ही मुख्य स्विचवर मॅक नोंदीचं आयुष्य एआरपीइतकं, म्हणजे १४४०० सेकंद केलं, किंवा उलट एआरपीचं आयुष्य ३०० च्या खाली आणलं, तरी चालतं. मी पहिला पर्याय निवडला.

स्विच वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर व्हीलॅननिहाय झाडं एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे एमएसटीपी घ्या, जी व्हीलॅनच्या गटांची झाडं करते. दोन गट करा, एकाचं मूळ ‘अ’, दुसऱ्याचं ‘ब’. प्रत्येक स्विचवर रीजनचं (एकसारखी मांडणी असलेल्या स्विचच्या समूहाचं) नाव, आवृत्ती क्रमांक आणि कुठला व्हीलॅन कुठल्या गटात हा तक्ता अक्षरशः सारखा हवा. एका स्विचवर एक व्हीलॅन इकडचा तिकडे झाला तर तो स्विच स्वतःला वेगळ्या रीजनमध्ये समजतो आणि त्याच्यासाठी तुमची वाटणी संपते.

आता फ्लेक्स लिंक, जी तुमच्या पुरवठादारानं सुचवली. ही सिस्कोची सोय आहे. हुआवे आणि एच३सी यांच्याकडे अशीच गोष्ट स्मार्ट लिंक नावानं मिळते. यात अॅक्सेस स्विचला सरळ सांगायचं की हे दोन पोर्ट एकमेकांची जोडी आहेत. त्या दोन पोर्टवर स्पॅनिंग ट्री बंद होते. साधी मांडणी अशी की एक चालू, दुसरा पूर्ण राखीव. पण व्हीलॅननुसार वाटूनही देता येतं:

इंटरफेस गिगाबिट १/०/२५
स्विचपोर्ट बॅकअप इंटरफेस गिगाबिट १/०/२६ प्रीफर व्हीलॅन २०,३२

याचा अर्थ बरेच जण उलटा लावतात. ‘प्रीफर’पुढचे व्हीलॅन बॅकअप पोर्टवरून म्हणजे २६ वरून जातात, उरलेले २५ वरून. २६ तुटला तर २० आणि ३२ हे २५ वर येतात, आणि तो परत आला की आपल्या जागी जातात. साध्या मांडणीत मात्र असं परतणं आपोआप होत नाही. प्रीएम्प्शन मुळात बंद असतं. चालू केलं तर ३५ सेकंद थांबून होतं. तो उशीर मी तसाच ठेवतो, कधी वाढवतो, कारण अर्धवट जोडलेली फायबर दर दहा सेकंदांनी येत-जात राहिली तर प्रत्येक वेळी सगळी इमारत इकडून तिकडे फेकली जाते.

वेग चांगला, मांडणी सोपी, मग मी सगळीकडे का लावत नाही? कारण ती आपल्या पोर्टच्या दिव्यापलीकडे बघत नाही. ‘अ’ चालू आहे पण त्याची पुढची वाट तुटली, तर अॅक्सेस स्विचच्या लेखी सगळं ठीक आहे आणि तो रहदारी तिकडेच पाठवत राहतो. त्यासाठी ‘अ’वर लिंक स्टेट ट्रॅकिंग लावावं लागतं, म्हणजे पुढची वाट गेली की तो खालचे पोर्ट स्वतःहून पाडतो. हुआवेकडे याला मॉनिटर लिंक म्हणतात. दुसरी अडचण अशी की अॅक्सेस स्विचनं वाट बदलली हे मुख्य स्विचना कळत नाही. ‘ब’ला वाटतं कॅमेरा अजून ‘अ’कडे आहे, तो पॅकेट ‘अ’कडे देतो, आणि ‘अ’कडे आता वाटच नाही. संगणक सतत काहीतरी बोलत असतात म्हणून ते क्षणात सुटतात. गप्प बसणारे प्रिंटर आणि हजेरीची यंत्रं अडकून पडतात. म्हणून अॅक्सेस स्विचवर ‘मॅक अॅड्रेस-टेबल मूव्ह अपडेट ट्रान्समिट’ आणि दोन्ही मुख्य स्विचवर ‘रिसीव्ह’ लावल्याशिवाय फ्लेक्स लिंक अपुरी आहे. तिसरी आणि माझ्यासाठी निर्णायक गोष्ट: अपलिंकवर स्पॅनिंग ट्री नसल्यानं दोन इमारतींच्या स्विचमध्ये कुणी आडवी केबल टाकली तर ते वर्तुळ कुणालाच दिसणार नाही. महाविद्यालयात, जिथे प्रयोगशाळेतले विद्यार्थी आणि कंत्राटदार दोघंही रॅकपर्यंत पोचतात, हा धोका मी घेणार नाही. कुलूपबंद रॅक आणि ज्याला शेजारीच नाही अशा स्विचसाठी, तुमच्याकडे मला वाटतं फाटकावरच्या सुरक्षा केबिनसाठी, ती जरूर लावा.

तिसरा रस्ता एलएसीपीचा: दोन्ही लिंक एकत्र बांधून एकच मानायच्या, म्हणजे अडवायला काही उरतच नाही. हा सर्वांत स्वच्छ आहे, पण वरचे दोन स्विच मिळून एकाच स्विचसारखे वागायला हवेत, स्टॅक किंवा एमएलएजी किंवा व्हीपीसी करून. तुमचे ‘अ’ आणि ‘ब’ ते करू शकत नाहीत. पुढच्या खरेदीत ही अट घाला. तेव्हासाठी थोडं सांगून ठेवतो. बांधलेल्या लिंकवर पॅकेट आळीपाळीनं जात नाहीत. पत्त्यांवरून हॅश (हिशोबानं एक आकडा) काढून प्रत्येक संवादाला एक ठरावीक लिंक मिळते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण पॅकेट पुढेमागे पोचली की टीसीपी त्याला गळती समजतो आणि वेग उतरवतो. त्यामुळे रात्रीचा एकच मोठा बॅकअप कितीही लिंक बांधल्या तरी १ गिगाबिटच्या वर जाणार नाही. हॅश कशाचा, हेही बघा. सिस्कोच्या अनेक जुन्या कॅटॅलिस्ट स्विचवर तो मुळात पाठवणाऱ्याच्या मॅकवर असतो. मुख्य स्विचकडून खाली येणाऱ्या रहदारीत पाठवणारा कायम गेटवेच, म्हणजे सगळं एकाच लिंकवर. ‘सोर्स-डेस्टिनेशन-आयपी’ करा. आणि जुन्या स्विचवर हॅशचे आठच खण असतात, म्हणून तीन लिंक बांधल्या तर वाटणी ३:३:२ होते. दोन, चार किंवा आठ घ्या. दोन्ही टोकांना मोड ‘अॅक्टिव्ह’ ठेवा, ‘ऑन’ कधीच नाही. ‘ऑन’ समोरच्याला काही विचारत नाही, आणि एका बाजूचं विसरलं की वर्तुळ तयार.

तुम्ही लिहिलंय की तीन इमारतींत अजून मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) आहेत. ते पहिल्या संधीला काढा आणि स्विचमध्ये थेट एसएफपी (फायबरचं मॉड्यूल) लावा. कन्व्हर्टर मध्ये असला की बाहेर फायबर तुटली तरी स्विचच्या तांब्याच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. फ्लेक्स लिंकला काही कळत नाही. रॅपिडला तीन हॅलो (दर दोन सेकंदांनी येणारे निरोप) चुकल्यावर, म्हणजे सहा सेकंदांनी कळतं. फायबरची एकच तार तुटली असेल तर आणखी वाईट: एका बाजूला ऐकू येत नाही आणि ती समजते समोर कुणी नाही, म्हणून अडवलेला पोर्ट उघडते आणि वर्तुळ पूर्ण होतं. सगळ्या फायबर अपलिंकवर यूडीएलडी अॅग्रेसिव्ह आणि लूप गार्ड लावा; पहिलं एकतर्फी लिंक ओळखतं, दुसरं अडवलेला पोर्ट असा उघडू देत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागणार नाही.

आणि डक्ट, म्हणजे फायबरचा जमिनीखालचा पाइप. दोन्ही फायबर एकाच चरातून, एकाच पाइपमधून गेल्या असतील तर वर लिहिलेल्या सगळ्याला जेसीबीचा एक फावडा पुरेसा आहे. बांधकाम चालू असलेल्या आवारात, पावसाळ्याआधी गटारं खणली जातात तेव्हा, लिंक जोडीनंच जातात. सगळ्या अकरा इमारतींना वेगळा मार्ग देणं शक्य नसेल, पण परीक्षा विभाग आणि सर्व्हर रूम यांच्यामधला एक मार्ग तरी वेगळा काढा. तसंच ‘अ’ आणि ‘ब’ एकाच यूपीएसवर आहेत का, तेही आजच जाऊन बघा.

बदल करताना आधी ‘ब’कडची लिंक शटडाउन करा, मांडणी पूर्ण करा, मग उघडा. हातात कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) असू द्या. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवर) नवा व्हीलॅन देताना ‘अॅड’ हा शब्द विसरू नका. तो विसरला की आधीचे सगळे व्हीलॅन पुसून फक्त नवा उरतो, आणि तुम्ही ज्या वाटेनं आत आलात तीही त्यातच जाते. आणि दोन्ही लिंकवरची व्हीलॅनची यादी नेहमी सारखी ठेवा. बॅकअप न चालण्याचं मी सर्वाधिक वेळा पाहिलेलं कारण हेच आहे: वर्षभरापूर्वी नवा व्हीलॅन आला, तो चालू लिंकवर टाकला, राखीव लिंकवर टाकायचा राहिला. रोज सगळं व्यवस्थित. लिंक तुटल्यावर बाकी इमारत चालते आणि तेवढा एक विभाग बंद.

चाचणीसाठी सुट्टीचा दिवस घ्या, पण घ्याच. इमारतीतून गेटवेला, सर्व्हरला आणि बाहेर असे तीन पिंग चालू ठेवा. स्विचवरून शटडाउन देऊन चाचणी झाली असं मानू नका, फायबर हातानं काढा. आधी ‘अ’कडची पूर्ण. मग परत लावा आणि परत येताना किती पॅकेट जातात ते मोजा, कारण जाताना नीट आणि येताना गडबड हे फार दिसतं. मग पॅच कॉर्डची दोनपैकी एकच तार. मग ‘अ’ची वीज. प्रत्येक वेळी एक प्रिंटर आणि एक कॅमेरा चालतो ना, तेही बघा, नुसत्या लॅपटॉपवर भागवू नका.

शेवटची गोष्ट मी एका साखर कारखान्यात शिकलो. तिथे वजनकाट्याच्या केबिनला दोन लिंक होत्या, मीच बसवलेल्या, मीच तपासलेल्या. पावसाळ्यात एक गेली. दुसरीनं क्षणात सगळं उचललं, काम थांबलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. चार महिन्यांनी, ऐन गळीत हंगामात, दुसरी गेली. वजनकाटा बंद, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यापर्यंत रांगेत, शेतकरी रात्रभर थंडीत. यंत्रणेनं नेमकं तेच केलं होतं ज्यासाठी मी ती बसवली होती. पहिली लिंक गेल्याचं कुणाला तरी सांगायची सोय मात्र मी केली नव्हती. तेव्हापासून कुठल्याही जागी दुसरी लिंक जोडली की त्याच दिवशी तिच्या पोर्टचा सिसलॉग आणि एसएनएमपी ट्रॅप (स्विच स्वतःहून पाठवतो त्या सूचना) चालू करतो, आणि तो माणसाच्या फोनवर पोचतो का हे फायबर काढून बघतो. तुमच्या अकरा इमारतींच्या बावीस लिंक आहेत. बावीसही वेळा बघा.